साडूच्या जोडावर फुली

माझा साडू मला डोळ्यासमोर नको असतो आणि नेमका तो माझ्याच गोदीत वेल्डर आहे. सरकारी जहाजं बांधणारी गोदी ही. मी इथे तीस वर्षं लोखंड जोडतोय, तो आठ. तरी सासूबाईंना कौतुक त्याचंच. "काय हात आहे जावयाचा," म्हणतात आणि मला भाजी वाढायची विसरतात.

सध्या गोदीत असलेल्या जहाजाचा शेवटचा जोड कोण मारणार, एवढाच प्रश्न होता. तो सगळ्यांसमोर मारतात आणि शेजारी वेल्डरचा नंबर कायमचा ठोकतात. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. त्या जागी माझा नंबर एकाही जहाजावर नाही.

म्हणून मी साडूच्या वाईटावर टपलो. सगळ्याच जोडांचे एक्स-रे काढत नाहीत. संशयाच्या जागी खडूने फुली मारायची आणि तिथलाच एक्स-रे काढायचा. ज्येष्ठ म्हणून खडू माझ्याकडे. मी साडूच्या जोडांवर फुल्या मारत सुटलो. कुठेतरी बुडबुडा सापडेल, एखादी भेग निघेल. एक फिल्म नापास झाली की माणूस बाद. पण फिल्म स्वच्छ निघायची, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन फुल्या. स्वतःच्या जोडांना मात्र मी खडू फारसा लावला नाही. उगाच विषाची परीक्षा कशाला?

सोमवारी फोरमनने यादी वाचली. ज्याच्या निर्दोष फिल्म जास्त, शेवटचा जोड त्याचा. नियमाचा हा अर्धा भाग मी जळफळाटात पार विसरलो होतो. साडूच्या एकसष्ट, माझ्या चार.

जेवणाच्या सुट्टीत तो शेजारी येऊन बसला.

"साडूभाऊ, त्या फुल्या तुम्हीच मारायचात ना?"

"कामच आहे माझं ते."

"तेच म्हणतो. घरी सगळे नुसतं कौतुक करतात. माझं काम नीट बघितलं ते तुम्ही एकट्याने."

मी अर्धा डबा तसाच बंद केला.

शुक्रवारी त्याने जोड मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खडू घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. फुलीला जागा सापडेना. असा जोड मला तीस वर्षांत एकदाही जमला नव्हता आणि त्या गर्दीत हे फक्त मला कळत होतं.