लॉर्डाचं खूळ

टेकडीवर बुरूज दिसला की मराठी माणूस आधी विचारतो, किल्ला कुणाचा? इंग्लंडातल्या वॉटफर्डबाहेरच्या त्या इस्टेटीतला बुरूज कुणाचाच किल्ला नव्हता. अडीचशे वर्षांपूर्वी कुणा लॉर्डसाहेबाला हुक्की आली, म्हणून शंभर पायऱ्यांचा मनोरा उभा राहिला. ना तोफ, ना पहारा, ना राहायला खोली. श्यामलाबाई त्याला 'लॉर्डाचं खूळ' म्हणत आणि त्या खुळाने आपला नवरा पळवला, असंही म्हणत.

डॉक्टर कमलाकर तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल देऊन निवृत्त झाले, आणि दर रविवारी हौसेने मनोऱ्यावर कामाला जाऊ लागले. काम सोपं होतं. दारात बसायचं, हातात माणसं मोजायचे दोन क्लिकर. वर जाणाऱ्यासाठी हिरवा दाबायचा, खाली येणाऱ्यासाठी लाल. चार वाजता दोन्ही आकडे जुळले तरच दाराला कुलूप. नाही जुळले, तर वर कोण राहिलं ते जाऊन बघायचं.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टर डबा घरी विसरले, म्हणून श्यामलाबाई तो घेऊन टेकडी चढून आल्या. गुडघे ठणकत होते, डोकं त्याहून जास्त.

"आलीच आहेस तर वर चल. तुला काहीतरी दाखवायचंय," डॉक्टर म्हणाले.

"एवढं प्रेम उतू चाललंय, तर राहा ना इथंच कायमचे!" बाई कडाडल्या आणि डबा आपटून चालत्या झाल्या.

वास्तू तथास्तु म्हणते, घरात अभद्र बोलू नये, असं त्यांच्या आईने शंभरदा बजावलं होतं. पण साहेबाच्या खुळाला वास्तू कोण म्हणणार?

त्या दिवशी आकडे जुळले नाहीत. हिरवा एकतीस, लाल तीस. इस्टेटीची मॅनेजर देविका, लंडनमधल्या वेम्बलीत जन्मलेली पोरगी, वर धावली. स्वतःसाठी हिरवा दाबून चढलेले डॉक्टर वरच्या खिडकीशी बसल्याबसल्याच गेले होते.

तेव्हापासून रविवारी दारात श्यामलाबाई बसू लागल्या. आणि दर रविवारी हिरवा आकडा एकाने जास्त. देविकाने नवे क्लिकर आणले, तरी तेच. ती वर जाऊन बघे, कुणी नसे. बाईंना मात्र ठाऊक होतं. ज्याला आपण शब्दांनी कोंडलं, तो खाली येणार कसा? वर जायचं त्यांना वर्षभर धाडस झालं नव्हतं.

आज शेवटचा रविवार होता. उद्यापासून दुरुस्तीसाठी मनोरा दोन वर्षं बंद.

"काकू, परत वन एक्स्ट्रा," देविका म्हणाली. "मी चेक करून येते, मग लॉक करू."

"तू थांब. मी जाते," बाई म्हणाल्या आणि स्वतःसाठी हिरवा दाबून क्लिकर तिच्या हाती दिले.

"तुमचे गुडघे? आर यू शुअर?"

बाई चढू लागल्या. विसाव्या पायरीवर त्या दम खायला थांबल्या. मागे कुणीतरी थांबलं. डॉक्टरांना दम लागला की नाकातून बारीक शिट्टी वाजायची. ती वाजली. बाईंची मागे वळायची छाती झाली नाही. शिट्टी शेवटपर्यंत सोबत आली.

वर एकच खिडकी, खाली दगडी बैठक. बाई टेकल्या आणि त्यांनी बाहेर पाहिलं. झाडांपलीकडे घरांच्या मागच्या बाजू दिसत होत्या. त्यांत एका अंगणात कपडे वाळत घालायची छत्री, तिच्यावर सकाळी त्यांनीच टाकलेला पिवळा टॉवेल. शेजारी त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. हा माणूस रविवारी आपल्याला चुकवायला पळतो, अशी त्यांची खात्री होती. तो गर्दी नसेल तेव्हा इथे बसून त्यांनाच बघत होता. बाईंना हुंदका आवरेना. एवढंच दाखवायचं होतं, आणि त्यासाठी आपण शंभर पायऱ्या चढलो नाही!

"चुकलं माझं," त्या भिंतीला म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, "अहो, चला घरी."

उतरताना पावलं मागे होती. दारातून बाई बाहेर पडल्या, देविकाने लाल दाबला आणि ती आकड्याकडे बघत राहिली.

"काकू, मी वन्सच दाबला. दोन झाले." तिने दोन्ही क्लिकर बाईंपुढे धरले. "आता सेम आहे."

"मग कुलूप लाव," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी दार जरा जास्त वेळ उघडं धरलं. आलं ठेचून दोन कप चहा केला. समोरची खुर्ची करकरली. 'आता इथंच राहा कायमचे,' हे शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आले. ही तर खरीखुरी वास्तू. ती तथास्तु म्हणणारच. बाईंनी जीभ चावली.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "आणि निघावंसं वाटेल तेव्हा निघा. मी अडवणार नाही."

त्यांनी आपला कप संपवला. समोरच्या चहावर साय धरली. मग मागच्या दाराची कडी आपसूक निघाली, दार उघडलं, अंगणातला टॉवेल वारा नसताना हलला आणि पुन्हा स्थिर झाला. खुर्ची नुसती खुर्ची झाली. बाई तिथेच बसून मोठ्याने रडल्या. अंधारून येईपर्यंत त्यांनी ते दार लावलं नाही.