प्रेमलतेचं लोणचं

दयारामकाकांना मानेवर गांधीलमाशी चावली, आणि काकांनी नेहमीसारखी पानाची चंची सोडून बोटभर चुना फासला. वटारच्या वाडीत जन्मभर पानवेली चढवलेल्या माणसाला दुसरं औषध कशाला लागतं?

"माझी न् ह्या माश्यांची जुनी सोयरीक," ते मुलाला, स्वरूपला म्हणाले. "चावून चावून रक्त पक्कं झालंय."

पण रक्त कधीकधी पक्कं होत नाही, हळवं होतं. गेल्या वर्षीच्या चाव्याने ओठ सुजले होते. शेजारीच राहणारी पुतणी प्रेमलता, बोळिंजच्या दवाखान्यातली नर्स. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन तिने काकांच्या फडताळात बिस्किटांच्या डब्यात ठेवलं होतं. काका त्याला 'प्रेमलतेचं लोणचं' म्हणत. मुरतंय, खात कुणी नाही.

स्वरूपची हाक आली तशी ती कुंपण ओलांडून धावली. काकांच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. श्वास शिट्टी घालत होता, आणि तशातही काका रिक्षा गाठायला निघालेले.

"आडवे व्हा!"

"अगं, चुना लावलाय..."

"चुना पानाला, काका. स्वरूप, पायांखाली उशी दे न् ॲम्ब्युलन्सला फोन लाव."

तिने फडताळातला डबा काढून सिरिंजमध्ये औषध भरलं आणि लेंग्यावरूनच मांडीच्या बाहेरच्या अंगाला सुई घातली. हात जराही हलला नाही.

वाडीत दांड फोडून पाणी वळवावं, तसं कातडीकडे पसरलेलं रक्त काळजाकडे वळलं. आवळलेल्या श्वासनळ्या सैल झाल्या. पण काळीज मुसळासारखं पडू लागलं, तोंड पांढरंफटक झालं, हात लटलटले.

"पोरी, गेलो गं! छातीत कांडण चाललंय."

"चालू दे की. मढं कधी कांडतं का? श्वास बघा आपला."

काकांनी श्वास घेतला. शिट्टी थांबली होती.

ॲम्ब्युलन्समध्ये काकांची नजर तिच्या बोटांवर गेली. ती पिंपळपानासारखी थरथरत होती.

"तुला गं कुणी सुई टोचली?"

"मला घरचीच पुरते. भ्यालं की हेच औषध अंग आपलं आपण सोडतं. मघाशी त्यानेच हात चालवले. आता काम संपलं, तर थरथरतात."

"म्हणजे तू भ्याली होतीस?"

"तुमचा चुना बघितला तेव्हापासून."

काका हसले, खोकले, पुन्हा हसले. मग कमरेची चंची सोडून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

"घरी गेलो की डबा भर पुन्हा," ते म्हणाले. "आणि ह्या खेपेला लोणच्याच्या दोन बरण्या घाल."