पुढच्या रांगेतला कोट

मी एक जुना चामड्याचा कोट आहे, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. आज ते जमायचं नाही. परवाचा प्रकार आठवला की माझं अस्तरसुद्धा तापतं.

एका शिंप्याने मला जाड काळ्या चामड्यातून बेतलं. छापखान्यात काम करणाऱ्या एका तरण्या मुलाने मला विकत घेतलं. तो इतका उंच, की सगळे त्याला शिडी म्हणत. शिडीला पंक संगीताचं वेड होतं. तळघरात, रिकाम्या गोदामात तीन-चार पोरं गिटार बडवायची, घसा फाटेस्तोवर ओरडायची, आणि समोरची गर्दी एकमेकांवर आदळत उड्या मारायची. बघणाऱ्याला वाटे, मारामारी जुंपली! पण तिथे एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, तरी कुणी मोडत नसे. कुणी पडलं की भोवतीच्यांनी थांबायचं, कॉलर धरायची आणि आधी त्याला उभं करायचं. शिडीने कितीतरी जणांना उचललं. एकदा तोही पडला, तेव्हा चार हात माझ्या कॉलरला आले. लोक म्हणायचे, "कोट आहे की काय आहे! मानलं बुवा!"

पुढे शिडीचं लग्न झालं. काही वर्षं तो कार्यक्रमांना जात राहिला, पण बायकोला एकदाही घेऊन गेला नाही. घरी आल्यावर तिला नुसत्या गोष्टी सांगायचा. मग गुडघे कुरकुरू लागले आणि मी कपाटात गेलो. वर्षानुवर्षं डांबरगोळ्यांचा वास! बायकोच मला अधूनमधून वारा दाखवायची, तेल चोळायची. त्या पठ्ठ्याने मात्र ढुंकूनही पाहिलं नाही.

परवा एक नवा बँड आला. म्हणे, जुनी पंक गाणी जशीच्या तशी वाजवतो. बासष्ट वर्षांच्या शिडीने मला बाहेर काढलं.

"एकदाच पुढच्या रांगेत उभा राहतो," तो बायकोला म्हणाला. "तिथे आपली माणसं भेटतील."

"मीही येते. गुडघा गेला तर निस्तरणार कोण?"

बँडवाल्यांचे केस ताठ उभे होते. सदरे फाटलेले होते, पण कात्रीने, अगदी सरळ रेषेत. वाजवण्यात मात्र एक सूर चुकला नाही. शिडीचा चेहरा असा खुलला, की मीही हुरळलो. बायको मागे भिंतीशी बसली. तिसऱ्या गाण्याला शिडीने उडी मारली, गुडघा दुमडला आणि तो धाडकन आडवा झाला.

मित्रांनो, कुणी थांबलं नाही! पोरांनी गोल रिंगण केलं, फोन वर धरले आणि टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. "आजोबा, वन्स मोर!" एकजण ओरडला. अरे, कसला वन्स मोर! तो कळवळत होता, आणि माझी कॉलर सगळ्यांच्या नाकासमोर होती. एक हात पुढे येईल तर शपथ.

तेवढ्यात गर्दीला कोपराने ढकलत त्याची बायको आली. तिने दोन्ही हातांनी माझी कॉलर धरली आणि त्या ताडमाड माणसाला ओढून उभं केलं. मग ती अशी कडाडली, की आधी ड्रमवाला थांबला आणि मग सगळेच.

"गाणी घोकलीत, केस उभे केलेत, चांगले कपडे फाडलेत! पडलेल्याला उचलायचं असतं ना तुमच्यात? मग त्याची नक्कल का नाही केलीत?"

"काकू, आम्हाला वाटलं, ते मजेत..." गाणारा पुटपुटला.

"मजेत? तोंड बघ त्याचं!"

बाहेर पायरीवर बसून शिडी गुडघा चोळू लागला. म्हणाला, "आपलं कुणीच नव्हतं गं तिथे."

"मग मी कोण होते?"

त्याने नुसती माझी कॉलर सरळ केली. मला त्या पोरांचा राग आला होताच, पण त्या क्षणी शिडीचा जास्त आला.

मित्रांनो, मला जपा, तेल लावा, असं मी म्हणणार नाही. ओढताना फाटलो तरी बेहत्तर. पण समोर कुणी पडलं, तर फोन खिशात टाका आणि धरा कॉलर. आणि बाहेर निघताना, जी आपल्याला उचलायला धावून येईल, तिला दारातूनच विचारा, "चलतेस का?" शिडीसारखे तीस वर्षं थांबू नका.