ज्याची किक, त्याची गाडी

ओरिजिनलरावांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. कपडे शिवून घ्यायला येणारे त्यांना मास्तर म्हणत, आणि जुन्या मोटरसायकलींचा नाद लागलेली रविवारची टोळी त्यांना ओरिजिनलराव म्हणे. हे दुसरं नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. भंगारवाल्याच्या अंगणात कोंबड्या जिच्यावर झोपायच्या अशी एक गाडी त्यांनी पोत्यांत भरून घरी आणली आणि कंपनीने जशी बनवली होती तशीच्या तशी उभी केली. नट नवा घालायचा नाही, जुनाच शोधायचा. हेडलाइटची वाटी सापडली तेव्हा एका आजीबाईंनी तिच्यात मिरचीचं रोप लावलेलं होतं. त्या काही केल्या देईनात, तेव्हा त्यांना नवाकोरा कोट शिवून देऊन वाटी सोडवून आणली.

दुकानात मास्तर कापत आणि त्यांची बायको शिवत असे. टोळी तिला वहिनी म्हणे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनींचं मशीन पायाचं. सगळ्या गल्लीत मशिनींना मोटरी बसल्या तरी या पाय मारत राहिल्या, कारण मोटर लावायचा विषय निघाला की मास्तर म्हणत, “एवढं ओरिजिनल मशीन, त्याला भोकं पाडायची?” वहिनी तेही सोडून देत. त्यांची मागणी एकच होती आणि ती दर रविवारी फिरून आल्यावर कमरेवर हात ठेवून त्या करत.

“अहो, त्या मागच्या सीटमध्ये बोटभर फोम घाला हो.”

“कंपनीने फोम दिला नव्हता.”

“कंपनी बसली होती का कधी त्याच्यावर?”

यावर मास्तर हसत आणि टाकी पुसायला घेत. विषय संपला.

आता टोळीचा नियम सांगायला हवा, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. रविवारी सकाळी पेट्रोल पंपापाशी जमायचं, सगळ्यांनी गाड्या बंद करायच्या आणि ज्याने त्याने आपली आपण किक मारून चालू करायची. ढकलून चालू केलेली धरायची नाही. ज्याला जमणार नाही त्याची गाडी दुसऱ्याने चालू करायची, आणि मग चहाच्या टपरीपर्यंत ती त्या दुसऱ्यानेच चालवायची. मालक मागे बसणार आणि टोळी खिदळणार. ज्याची किक, त्याची गाडी. हा नियम ओरिजिनलरावांनीच काढलेला होता आणि त्याच्या जोरावर त्यांनी भल्याभल्यांना मागे बसवलं होतं.

आणि त्यांच्याच उजव्या गुडघ्याने दगा दिला. जिना उतरताना कळ यायची तोवर त्यांनी कानाडोळा केला. मग एक दिवस किक उलटली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “गादी झिजली आहे. आज ना उद्या गुडघा बदलावा लागेल.”

“ओरिजिनल पार्ट मिळेल का?” मास्तरांनी विचारलं.

“कंपनीने बनवणं बंद केलंय,” डॉक्टर म्हणाले. “आणि किक विसरा आता.”

टोळीतल्या वेल्डरने लगेच सांगितलं, सेल्फ बसवून देतो, बटण दाबायचं काम. मास्तर त्याच्यावर असे खेकसले की बिचारा आठवडाभर दुकानाकडे फिरकला नाही. दोन-तीन रविवार त्यांनी सर्दीची सबब सांगितली. सर्दी तरी किती दिवस पुरणार? शेवटी त्यांनी ठरवलं, गाडी विकायची. टोळीसमोर मागच्या सीटवर बसण्यापेक्षा गाडी नसलेली बरी. बोलायला सोपं होतं. प्रत्यक्षात त्या रात्री त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही, आणि वहिनींनी तो न उतरलेला पाहिला.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. दातांचे डॉक्टर होते, हातांत नवे कोरे हातमोजे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, “वा! आता चालू करून दाखवा. थंड इंजिन पहिल्या किकेत उठतं म्हणतात तुमचं.”

मास्तरांनी हे गृहीतच धरलं नव्हतं. विकायच्या दुःखात ते इतके बुडाले होते की विकायला गाडी चालू करावी लागते हेच विसरले. अंगण सपाट, उतार नाही. त्यांनी पाय ठेवला, दाबला, आणि “आई गं!” म्हणून टाकीला मिठी मारली.

“बाजूला व्हा,” मागून आवाज आला.

वहिनींच्या गळ्यात मापाची पट्टी तशीच होती. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, पेट्रोलचा कॉक उघडला, कार्ब्युरेटरची पिन बोट ओलं होईतो दाबली. हँडलखालची छोटी कळ धरून किक हलकेच खाली नेली, अँपिअरचा काटा मध्यावर आला तशी कळ सोडली. हे सगळं मास्तर रोज सकाळी गाडीशी मोठ्याने बोलत करायचे आणि स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडायची, तेव्हा ते पाठ व्हायला वेगळी शिकवणी लागली नव्हती. पाय तर जन्मभर मशीन मारलेला. त्यांनी एक किक मारली आणि गाडी धडधडायला लागली.

दातांचे डॉक्टर आ वासून बघत राहिले.

“घेतो!” ते ओरडले.

“गाडी विकायची नाही,” वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. शिवलेले कपडे पोहोचवायला त्या स्कूटर चालवत, त्यामुळे रस्त्याची भीती नव्हती. “चला, बसा. पंपावर टोळी जमली असेल.”

“अगं, मागे? मी?”

“ज्याची किक, त्याची गाडी. नियम कुणाचा?”

मास्तरांनी दातांच्या डॉक्टरांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. ती अशी गोड वाजत होती की त्यांना रडू येईल असं वाटलं. ते निमूटपणे मागे बसले.

पहिला खड्डा गल्लीच्या तोंडाशीच होता. मास्तरांच्या माकडहाडातून निघालेली कळ थेट टाळूत गेली. दुसऱ्या खड्ड्यात सीटची स्प्रिंग अशी टोचली की ते अर्धे उठले. पंपावर टोळीने शिट्ट्या मारल्या, कुणी टाळ्या वाजवल्या, वेल्डर तर पोट धरून खाली बसला. ज्या हसण्याला मास्तर एवढे घाबरले होते ते त्यांच्या कानांपर्यंत पोहोचलंच नाही. सारं लक्ष बुडाखाली होतं.

टपरीवर चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला.

“अगं, हे इतकं वाईट आहे, तू बोलली का नाहीस?”

“बोलले ना. दर रविवारी.”

घरी आल्यावर मास्तरांनी सुट्टीच्या दिवशी दुकान उघडलं. ज्या सीटचा टाकाही बदलू दिला नव्हता ती त्यांनी पाना लावून खोलली, टेबलावर ठेवली, कोपऱ्यातला फोम ओढला आणि खडूने रेघ मारली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

“हा फोम माझ्यासाठी की तुमच्यासाठी?”

मास्तरांची कात्री थांबली. तुझ्यासाठी, असं म्हणायला काय जात होतं? पण एवढं खोटं त्यांच्याने बोलवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

“आज मी बसलो, म्हणून,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी कापायला हवा होता गं. तेव्हाच.”

वहिनी आत आल्या. मशीनपाशी जाऊन बसल्या, सुईत दोरा ओवला आणि पाय खालच्या पट्टीवर ठेवला.

“जाड कापा,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी टपरीवरून येताना मी मागे बसणार आहे.”