डावीकडे बोटभर

सिक्युरिटीवाल्यांच्या सुपरवायझरनं पॅन्टांचा गठ्ठा काउंटरवर आपटला आणि म्हणाला, "माझी पोरं एकमेकांना बघून हसतायत. डावीकडे फुगा आलाय. एकदोघांना नाही, सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत नीट करा, नाहीतर उरलेलं कापड परत द्या."

तो गेला. मेहुण्यानं, म्हणजे कटिंग मास्तरच्या बायकोच्या धाकट्या भावानं, एक पॅन्ट उजेडात धरली, मग दुसरी धरली. दुकान त्याचं होतं आणि त्याचं हे गप्प बसणं मास्तरला ओळखीचं होतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी असतं तसलं.

मास्तर कटिंगच्या टेबलाशी उभा होता. डावा पाय रिळांच्या खोक्यावर, डावा तळहात जांघेत घट्ट दाबलेला. बघणाऱ्याला ते घाण दिसायचं. एका गिऱ्हाईक बाईनं तर तक्रारच केली होती, तुमचा तो माणूस चांगला नाही म्हणून. आता तिला काय समजावणार? हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली, तेव्हा तिथली नस दुखावली. दाबून धरलं की सोसवतं, पण कापड नुसतं घासून गेलं तरी गरम इस्त्री टेकवल्यासारखं होतं. ज्याचा जन्म कापडात गेला, त्याला कापडच डसायला लागलं.

ऑपरेशनवाल्या डॉक्टरनं टाके झकास भरलेत म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली. दुसऱ्यानं इंजेक्शन दिलं, थोडे दिवस बरं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न. मग गोळ्या. गोळीनं दुखणं जरा लांब जायचं, पण डोक्यात कापूस भरायचा. म्हणून मास्तर फक्त रात्रीची घ्यायचा. सकाळची जिभेखाली धरून बायकोसमोर पाणी प्यायचा आणि वाटेत गटारात थुंकायचा. कात्री चालवणाऱ्याचं डोकं जाग्यावर पाहिजे. कात्री हातातून गेली की मग काजं करा, बटणं लावा, आणि मेहुण्याच्या उपकाराचं खा.

बायको तशी वाईट नव्हती. आधी रडली, मग कंटाळली. रिपोर्ट तर चांगले आलेत, असं हल्ली म्हणायची, जसं काही माणसानं रिपोर्टला विचारूनच दुखून घ्यायचं असतं. झोपेत तिचा हात चुकून लागू नये म्हणून दोघांच्या मध्ये एक उशी ठेवली होती. परवा तिनं त्या उशीत आणखी कापूस भरला.

"भाऊजी, जरा इकडे या."

मास्तर लंगडत गेला. दोन पॅन्ट काउंटरवर उताण्या पसरल्या होत्या. त्यानं बोट फिरवलं आणि त्याला लगेच कळलं. उजवी बाजू कागदाच्या फर्म्याबरहुकूम. डावी बाजू जांघेच्या वळणावर बोटभर जास्त. फर्मा उलटा करून डावीकडचं आखताना खडू बाहेर सरकला होता. दर मापाला, तिथंच, तेवढाच. त्याला आठवतही नव्हतं. डोकं जाग्यावर होतं, हातानं परस्पर कारभार केला होता.

मशीनवर बसणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याचं तोंड कधी बंद नसायचं. नेमकं हे शिवताना बंद राहिलं होतं. मेहुण्यानं झापल्यावर म्हणाला, मास्तरनं आखलंय म्हणजे नवी फॅशन असेल असं वाटलं.

मेहुणा मास्तरकडे वळला. "तुम्हाला दुखतं. ऐकलं. दीड वर्ष ऐकतोय. आता जगाच्या पॅन्टला पण तुमचंच दुखणं लावणार का, भाऊजी?"

मास्तरच्या तोंडाशी बरंच आलं. ह्याला खडू धरायला कोणी शिकवलं, ह्याची पहिली सरळ रेघ कशी सापासारखी गेली होती. पण चूक समोर पसरलेली होती, आणि ती त्याचीच होती.

"मी करतो नीट. आजच्या आज."

"ते करा. कटिंग मात्र राहू द्या."

"आजच्यापुरतं?"

मेहुणा पॅन्टांच्या घड्या घालायला लागला.

मास्तरनं गठ्ठा उचलला. वरची पॅन्ट त्याच्याच मापाची होती. काय डोक्यात आलं कोण जाणे, ती घेऊन तो ट्रायलच्या पडद्यामागे गेला. स्वतःसाठी त्यानं सगळे खेळ करून झाले होते. घट्ट शिवली, डसली. ढगळ शिवली, हलून हलून घासली. आत जुन्या मऊ कापडाचं अस्तर लावलं. एकदा तर डावीकडे खिडकीच कापली, तेव्हा रेडिओनं विचारलं होतं, काय मास्तर, वारा येतो का. काहीच लागू पडलं नव्हतं.

त्यानं बटण लावलं. भिंत धरली, दात आवळले आणि कळेची वाट बघितली.

कळ आली नाही.

एक पाऊल टाकलं. वाकला. चिकटत नव्हतं, घासतही नव्हतं. आतलं दुखत होतंच, ते कुठं जाणार, पण वरून कोणी चटके देत नव्हतं. आरशात तो फुगा दिसत होता, खरंच हसण्यासारखा. मास्तरनं जांघेतला हात काढला. दोन्ही हात मोकळे. आणि पडद्याबाहेर मेहुणा रेडिओला सांगत होता, उद्यापासून कटिंगला तू.

"कात्री कुठली घेऊ?"

"हीच. दुसरी कुठं आहे?"

"हिच्या मुठीला चिंधी बांधलीय. मास्तरच्या अंगठ्याच्या मापानं."

"काढून टाक."

चिंधी फाटल्याचा आवाज आला. मास्तरनं पॅन्ट उतरवून स्वतःची घातली. कापड लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, हात आपोआप जाग्यावर गेला.

बाहेर येऊन तो बटणांच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. ब्लेड घेतलं. उसवायला दोन्ही हात लागतात. त्यानं जांघेतला हात काढला, दात आवळले, आणि गठ्ठ्यातली पहिली तीच पॅन्ट उसवायला घेतली.