तिसऱ्या रांगेतला आवाज

"खांदा गेलाय त्याचा," कॅझ वोल्नी म्हणाला. "नाहीतर शेजारचा वैरी आपला धडधाकट बैल आणून आपल्या दावणीला बांधेल होय?"

बर्निसच्या बारमधल्या टीव्हीवर तीच बातमी दहाव्यांदा चालू होती. बेसबॉलच्या कोलियर्स संघाने आपला पहिल्या नंबरचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, डेल हॅकेट इथल्या बोटमेनना देऊन टाकला होता आणि बदल्यात दोन कोवळे खेळाडू घेतले होते. एकाच गटातले हे दोन संघ वर्षातून तेरा वेळा एकमेकांच्या उरावर बसत. एरवी त्यांच्यात मिठाच्या खड्याचीही अदलाबदल झाली नसती.

"खांदा ठणठणीत आहे," लॉइड म्हणाला. लॉइड टिबेट्स विमा विकायचा. माणूस किती वर्षं जगेल हे तो आकड्यांवरून सांगे, मग पिचरचं काय. "गेल्या दोन मोसमांचे आकडे काढून बघ. आपल्याला असाच माणूस हवा होता."

"तूच एप्रिलात म्हणालास, हॅकेट म्हणजे नशिबाने तरलेला भोपळा."

"तेव्हा तो त्यांचा होता रे."

एवढं निर्लज्ज खरं बोलायला लॉइडला दुसरा ग्लासही लागला नव्हता. पलीकडे मार्व फोनवर बोटं फिरवत होता. हा छपरं दुरुस्त करणारा मार्व तीन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये हॅकेटच्या गाडीवर थुंकला होता आणि पुढे सहा महिने जो भेटेल त्याला ते सांगत सुटला होता. आता तो हॅकेटच्या नावाचा बोटमेनचा शर्ट मागवत होता. अकरा वर्षांचं वैर साडेचार मिनिटांत फिटलं. कॅझने घड्याळाकडे पाहिलंच होतं.

"एक्सेल की डबल एक्सेल?" मार्वने विचारलं.

"तुझी जीभ मावेल असा घे," कॅझ म्हणाला.

बर्निस हसली, पण मग ग्लास पुसता पुसता थांबली. "तुझं कसं होणार रे, राजा?"

प्रश्न साधा होता, आणि बारमध्ये तो तिच्या एकटीच्याच डोक्यात आला होता. कॅझ अठ्ठावन्न वर्षांचा. तीस वर्षं तो लोकांच्या तळघरांत उतरून पाण्याचे मीटर वाचत आला होता. लोक दार उघडत ते त्याच्या टोपीवरच्या बिल्ल्याला. चेहरा कुणाच्या लक्षात राहत नसे. पण तिसऱ्या बेसच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत बसून त्याने टोमणा मारायला तोंड उघडलं की वरच्या सज्ज्यामुळे आवाज थेट पिचरच्या कानात जाई. आणि कॅझने आयुष्यात एकाच माणसाचा अभ्यास केला होता, डेल हॅकेटचा. वळणारा चेंडू टाकण्याआधी तो पट्ट्याचं बक्कल चाचपतो, हे कॅझने आधी ताडलं. त्याच्या बापाने जुन्या गाड्यांच्या धंद्यात दिवाळं काढलं, हे वर्तमानपत्रातून मिळवलं. बाप, बक्कल, चालणं, ढेरी, सगळं चालायचं. बायकोमुलांचं नाव मात्र घ्यायचं नाही, हा त्याचा स्वतःचा कायदा. शिवी तर कधीच नाही. शिवी म्हणजे ज्याने अभ्यास केला नाही त्याची कॉपी.

एकदा हॅकेटने मुलाखतीत सांगितलं होतं, "त्या शहरात तिसऱ्या रांगेत एक माणूस बसतो. त्याला सर्दी झाली की मला करमत नाही." त्या दिवसापासून बारमध्ये कॅझच्या ग्लासाची जागा ठरली, अनोळखी लोक स्टेडियममध्ये हात मिळवू लागले, आणि शहराला मीटरवाल्याचं नाव कळलं.

"दुसरा पकड की कोणीतरी," लॉइड म्हणाला. "त्यांच्याकडे पिचरांची काय कमी?"

"अकरा वर्षं लागतात, लॉइड. मी एकोणसत्तराव्या वर्षी ओरडू?"

"मग टाळ्या वाजव. आम्ही वाजवणारच आहोत."

"तुमचं ठीक आहे," कॅझ म्हणाला. "तुमचं वैर भाड्याचं होतं. मुदत संपली, दुसरीकडे बिऱ्हाड थाटलंत."

रविवारी दुपारी चाळीस हजार माणसं हॅकेटसाठी उभी राहिली. मागच्याच महिन्यात यांनीच त्याच्या चालण्याची नक्कल करून पोट दुखेस्तोवर हसून घेतलं होतं. मार्व नव्या शर्टात हात वर करून उभा होता. शर्ट एका मापाने लहानच आला होता. कॅझ बसून राहिला. पहिला चेंडू टाकण्याआधी हॅकेटने सवयीने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि दोनेक क्षण थांबला. कॅझच्या घशात वाक्य तयार होतं, चांगलं होतं. त्याने ते गिळलं.

दोन डाव निभावले. तिसऱ्यात हॅकेटचा चेंडू भरकटला. एकाला चार वाईट चेंडू टाकून फुकट बेस दिला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्यालाही. तिन्ही बेस भरले. चौथ्याने पहिलाच चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला. चार धावा.

वरून हुर्यो सुरू झाली आणि खाली येता येता दाट झाली.

"बघितलंस? खांदा," लॉइड म्हणाला. "मी म्हणालोच होतो."

"ते मी म्हणालो होतो," कॅझ म्हणाला.

"ए भंगारवाल्याच्या पोरा," मार्व ओरडला. ते वाक्य कॅझचं होतं, पण त्यातला ताल गेला होता आणि उरली होती नुसती थुंकी. मग त्याने हॅकेटच्या बायकोचं नाव घेतलं.

"मार्व, खाली बस," कॅझ म्हणाला. "ते नाव घ्यायचं नसतं."

"मग तू बोल ना. तुझाच माणूस आहे तो."

हे मागच्या रांगेने ऐकलं. कुणीतरी हाक मारली, "कॅझ, घे त्याला." दुसऱ्याने सूर लावला, मग पाचसहा जणांनी. सगळी बाजू त्याच्याकडे वळली होती. हवी होती ती जागा परत चालून आली होती. फक्त तोंड उघडायचं होतं, आणि एवढे श्रोते त्याला कधीच लाभले नव्हते. त्याने एकेक चेहरा पाहिला. हे सगळे तासाभरापूर्वी उभे होते. यांच्यात मिसळून ओरडायचं, तर अकरा वर्षांचा अभ्यास कशासाठी?

प्रशिक्षक मैदानात आला आणि त्याने हॅकेटच्या हातातून चेंडू काढून घेतला. हॅकेट मान खाली घालून निघाला. तिसऱ्या बेसजवळ येताच त्याने मान वर केली.

भुईमुगाच्या शेंगा विकणारा पायऱ्यांवर हुर्योत सामील होऊन उभा होता. कॅझने त्याला खूण करून एक पिशवी घेतली. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. मग दुसरी, मग तिसरी, गिळायच्या आधीच. खालून हॅकेट बघत होता आणि वर कॅझ मन लावून चावत होता, दोन्ही गाल फुगवून. तोंड असं भरलेलं होतं की ओरडायचं म्हटलं तरी ओरडता येऊ नये.

"दगा दिलास तू," मार्व म्हणाला आणि पुन्हा मैदानाकडे तोंड करून ओरडू लागला. मागच्या रांगेनेही नाद सोडला. हॅकेट खेळाडूंच्या कक्षाच्या पायऱ्या उतरून दिसेनासा झाला, तेव्हा कॅझने चावणं थांबवलं. मग वाकून पायाजवळची टरफलं एकेक करून पिशवीत भरू लागला.