राखीव यादीतलं पहिलं नाव

सुधाताई न्युरेम्बर्गला लेकीकडे आल्या होत्या. तिथून कायझर्सलाउटर्नला एका दिवसासाठी जायचं त्यांनी स्वतःच ठरवलं. तिथल्या विद्यापीठात ऋचा पीएचडी करत होती. ऋचा म्हणजे त्यांच्या कॉलेजातल्या मैत्रिणीची, प्रभाची मुलगी. प्रभा जानेवारीत गेली, आणि अंत्यदर्शनाला सुधाताईंना पोचता आलं नव्हतं.

स्टेशनावर ऋचा वाकून पाया पडली. चेहरा वडिलांचा, पण चालताना खांदे मागे टाकायची ढब थेट प्रभाची. सुधाताईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"मावशी, आज तुम्हाला एक जागा दाखवायचीय," ऋचा म्हणाली. "आल्झो, म्हणजे तशी फार मोठी नाहीये. पण तुम्हाला आवडेलच."

गावाबाहेर, जंगलाला लागून ते बेसबॉलचं स्टेडियम होतं. युद्धानंतर इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांनी आपल्या हातांनी बांधलेलं. आता गावातला क्लब तिथे रविवारी सामने खेळायचा. लाकडी खिडकीत बसलेल्या म्हाताऱ्याने जाड पुठ्ठ्याची तिकिटं दिली आणि चिमट्याने त्यांना भोक पाडलं. आत हिरव्या रंगाचे लाकडी बाक होते. इतक्या वेळा रंगवलेले, की कडा गोलसर झाल्या होत्या. वर पत्र्याचं छप्पर. पलीकडे धावफलक, त्यावर खिळ्यांना अडकवलेले पत्र्याचे आकडे. धाव झाली की एक बाई शिडीवर चढून आकडा बदलायची आणि तेवढा वेळ सगळे निवांत थांबायचे. छपराच्या खांबांवर सैनिकांनी चाकूने नावं कोरली होती. सुधाताईंनी त्यांवरून बोट फिरवलं. सॉफ्टबॉलमध्ये कॅचर म्हणून दहा वर्षं चेंडू झेलून वाकडं झालेलं ते बोट.

"विजेवर चालणारं काही आणलंच नाही वाटतं इथे," त्या म्हणाल्या. खूप दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं. लाल मातीचा वास, कातडी ग्लव्हमध्ये चेंडू बसल्याचा तो भरीव आवाज. पहिल्या दोन इनिंग त्यांनी ऋचाला खेळ समजावून सांगितला. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकताना हात खालून फिरतो, इथे वरून, बाकी भावंडंच.

"आई सांगायची, जळगावला तुमची जोडी सगळ्यांत भारी होती," ऋचा म्हणाली. "ती पिचर, तुम्ही कॅचर. तिची भारताच्या संघात निवड झाली होती ना? मग गेली का नाही, ते तिने कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, राहून गेलं."

सुधाताई मैदानाकडे बघत राहिल्या. राहून गेलं. किती सोपं करून सांगितलं होतं प्रभाने!

"राहून नाही गेलं," त्या म्हणाल्या. "तिचं लग्न ठरलं होतं. परदेश दौरा म्हटल्यावर तुझ्या आजोबांनी, नानांनी साफ नकार दिला. प्रभा माझ्याकडे आली. म्हणाली, सुधा, नाना तुझं ऐकतात, तू येऊन एकदा सांग. ऐकायचे गं ते माझं. मी म्हटलं, उद्या येते."

"मग?"

"नाही गेले. चार दिवस हातात होते. रोज उद्या म्हणत राहिले. राखीव यादीत पहिलं नाव माझं होतं."

शिडीवरच्या बाईने आकडा बदलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे तिच्या जागी तुम्ही गेलात?"

"गेले. सतरा दिवस बाकावर बसून आले. एक इनिंगसुद्धा मिळाली नाही."

 ऋचाने विचारलं, "यादीत तुमचं नाव आहे, हे आईला माहीत होतं?"

"कॉलेजच्या फळ्यावर लागली होती यादी. सगळ्या जळगावाला माहीत होतं."

"आणि तरी ती तुमच्याकडेच आली."

 चाळीसहून जास्त वर्षं सुधाताईंनी आपला गुन्हा उलटसुलट करून पाहिला होता, पण या बाजूने कधी पाहिला नव्हता. प्रभा अडाणी नव्हती. मैत्रिणीचा स्वार्थ कशात आहे हे जाणून, तिने तिच्याच दारी यायचं ठरवलं होतं. इतका भरवसा! आणि पुढेही दर दिवाळीला तिचं पत्र येत राहिलं. त्यात फराळाचं असायचं, ऋचाच्या शाळेचं असायचं, या गोष्टीबद्दल चकार शब्द नसायचा.

ऋचा उठून खाली जाळीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. दोन इनिंग तशाच गेल्या. सुधाताईंनी तिला हाक मारली नाही. ही पोर अशीच निघून गेली तर आपण एकट्या स्टेशन गाठू, एवढं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं.

ऋचा परत आली, हातात कॉफीचे दोन कप घेऊन. डोळे लाल होते.

"आईच्या वतीने मी माफबिफ करू शकत नाही, मावशी. तो माझा हक्क नाही."

"मी ते मागायला आलेच नाही. तू विचारलंस आणि खोटं बोलवेना."

"मला राग आलाय."

"येऊ दे."

ऋचाने कॉफीचा घोट घेतला. समोर नवा पिचर मैदानात उतरून हात मोकळे करत होता. त्याच्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "मी तिला कधी खेळताना पाहिलं नाही. एक फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. कशी टाकायची ती?"

सुधाताईंनी कप बाकावर ठेवला. 

"टाकण्याआधी ती डावा पाय मातीत दोनदा घासायची," त्यांनी सुरुवात केली. "समोरच्या पोरींना वाटायचं, घाबरली. मग हात असा फिरायचा, की चेंडू कुठून सुटला ते कळायचंच नाही. आधी माझ्या ग्लव्हमध्ये आवाज व्हायचा, मग बॅट फिरायची."

"अजून सांगा."

सुधाताई सांगत गेल्या. एरंडोलच्या मैदानावरचा सामना, पंचांशी घातलेला वाद, बोट सुजलं तेव्हा प्रभाने आपली ओढणी फाडून बांधलेली पट्टी. ऋचा मध्येच हसली, मध्येच तिने तोंड फिरवलं. सामना संपला, लोक उठले, म्हातारा बाकांमधून कागद गोळा करत त्यांच्यापर्यंत आला आणि त्यांना न उठवता पुढच्या रांगेकडे वळला. सुधाताईंची पाच चाळीसची परतीची गाडी गेली. दोघींपैकी कुणीच घड्याळाकडे पाहिलं नाही.